दोन गणपत आणि माझी घाई

हसायचं तर खुशाल हसा, पण माझ्या शहाणपणाची ही गोष्ट ऐकाच. चहा संपायच्या आत संपवतो. घाई हा माझा जुनाच रोग!

आमचं गाव मोहाडी तालुक्यात. गावामागे तलाव. त्याचं पाणी धानाला पाळीपाळीनं मिळतं: आधी गेटजवळच्या बांध्यांना, म्हणजे धानाच्या खाचरांना, शेवटी पाटाच्या शेपटाकडच्यांना. कोणाची पाळी कधी, हे पाणी वाटणारे डोमाजीकाका ठरवतात. यादी डोक्यात, निरोप सायकलवर.

इंजिनिअरिंग करून आलेल्या मला हे बघवेल कसं? मी आणि तुमसरची माझी मैत्रीण प्रणाली, दोघांनी ॲप बनवलं. पाळी आली की फोनवर मेसेज. आणि ओपन सोर्स! कोड सगळ्यांसाठी उघडा, कोणीही वाचा, कोणीही सुधारा. 'ज्ञान तलावासारखं अख्ख्या गावाचं असावं,' असं भाषणही मी ठोकलं होतं. टाळ्या एकट्या प्रणालीनं वाजवल्या.

मग एक बग निघाला. गावात गणपत दोन, ॲपच्या लेखी एकच! दोघांचे मेसेज पहिल्याच्या फोनवर जायचे. नुकसान काय? काहीच नाही. पहिला गणपत बांधावरून ओरडायचा, "अबे गणपत, उद्या तुही पाळी हाय!" झालं काम.

पण चूक माहीत असून ठेवायची? माझ्या तत्त्वात बसेना. एका सकाळी दुरुस्ती तयार केली. हंगामाची शेवटची फेरी चालू होती, धान लोंबीवर आलं होतं.

प्रणाली फोनवर म्हणाली, "टेस्ट केलं का?"

"चार ओळी तर आहेत!"

"फेरी संपू दे ना. मंग सोड. कायची घाई हाय तुले?"

काकांचंही तेच. "पाणी वाहून राहिलं असताना पाट नाही बदलवत, बाबू."

"काका, हे सॉफ्टवेअर आहे."

"मंग पाणी कायले देऊन राहिलं थे?"

 उत्तर म्हणून मी बटण दाबलं.

दोन गणपत वेगळे करायला मी प्रत्येकाला नवा क्रमांक दिला होता. क्रमांक नवे, म्हणून ॲपला वाटलं फेरीही नवी! ज्यांचं पाणी घेऊन झालं होतं, त्यांना पुन्हा मेसेज: 'आज तुमची पाळी.' तासाभरात गेटवर अकरा माणसं, अकरा फावडी.

"मले मेसेज हाय!"

"मंग मले का पोस्टकार्ड आलं?"

मी घाबरून दुसरी दुरुस्ती सोडली. तिनं सगळ्यांच्याच पाळ्या रद्द केल्या. तिसरी सोडली, तर दोन्ही गणपतना सात-सात मेसेज! दुसऱ्या गणपतनं हात जोडले. "भाऊ, आमी बोंबलण्यावरच खुश होतो रे."

दोन दिवस ज्याला जमेल तसं त्यानं पाणी ओढलं. शेवटी काकांनी सगळ्यांना बसवून तोंडपाठ यादी म्हटली. पण तोवर तलावाचं पाणी गेटच्या खाली गेलं होतं; पाटात थेंब येईना.

आणि पाणी मिळायचं राहिलं होतं एकट्या कमलमावशीला. शेपटाकडचा अर्धा एकर, करणारी ती एकटीच. तिची पाळी दुसऱ्याच दिवशी होती. पण फेरी नव्यानं सुरू धरून माझ्या मेसेजनं तिला सांगितलं, अजून बारा दिवस. ती बिचारी निर्धास्त लेकीकडे निघून गेली.

कापणीच्या वेळी मी तिच्या बांधीत गेलो. एक लोंबी तळहातावर चोळली. नुसता पोचट भुसा.

"मावशी, चुकलं माझं."

"तुहं काय चुकलं? मीच डोमाजीले इचारायचं सोडून फोनले इचारलं."

खरं सांगतो, तिनं शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

तेव्हापासून आमच्या ॲपच्या पानावर पहिलीच ओळ आहे: गेट बंद झाल्याशिवाय नवी आवृत्ती सोडायची नाही.

यंदा पुन्हा बग निघाला. फेरी संपल्याचा मेसेजच कोणाला जात नव्हता. दुरुस्ती केली, प्रणालीकडून दहादा तपासून घेतली, आणि शहाण्यासारखा फेरी संपायची वाट पाहत बसलो. किती संयम! स्वतःचाच अभिमान वाटत होता.

कमलमावशी दारावरून चालली होती. "काहून रे, सकाळपासून फोन धरून बसून राहिला?"

"फेरी संपल्याच्या मेसेजची वाट पाहून राहिलो, मावशी. आला की दुरुस्ती सोडतो."

"अरे येड्या, फेरी संपून पाच दिवस झाले. मले डोमाजीनं सांगतलं!"