रंगांची तक्रार नव्हती

माझ्या नवऱ्याची दृष्टी गेली ती सत्तरच्या दशकात, क्षयाच्या गोळ्यांमुळे. एवढं सगळ्यांना ठाऊक आहे. पुढचं मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.

आम्ही चिंचवडला राहायचो. हे पिंपरीच्या एका कारखान्यात वायरमन. क्षयाचं घराबाहेर कळू दिलं नव्हतं – पोटात अल्सर आहे, असं सांगायचो. नणंदेचं, सुमनचं, लग्न राजगुरुनगरला ठरलं होतं. क्षयाच्या घरातली मुलगी कोण करून घेणार?

गोळी नवी होती. तिचा डोळ्यांवर काय परिणाम होतो, याचा आमचे डॉक्टर अभ्यास करत होते. त्यांनी मला एकटीला बाजूला घेतलं. "यांना सांगितलं तर घाबरून गोळ्याच सोडतील. तुम्ही लक्ष ठेवा. रंग वेगळे दिसतात म्हणाले, तर त्याच दिवशी घेऊन या. गोळी बंद करून भरती करून घेऊ. वेळेवर थांबवली तर नजर बहुतेक परत येते."

भरती – म्हणजे क्षयाच्या इस्पितळात. म्हणजे गावभर.

लग्न महिन्यावर आलं होतं. जेवताना हे म्हणाले, "टोमॅटो कच्चेच चिरलेस?"

ताटातले टोमॅटो लालभडक होते.

सुमन हसली. "दादा, वहिनीचं सगळं लक्ष माझ्या रुखवतात. भाजीत मीठ पडलंय, तेच नशीब समज!"

मीही हसले. मला कळलं नव्हतं का? कळलं होतं – हातातला घास तोंडात जायच्या आत.

तरी गोळ्या देत राहिले. रोज, माझ्या हाताने. लग्न होऊ दे, मग नेऊ. पुढे ह्यांना वर्तमानपत्र वाचता येईना. अशक्तपणा आहे, असं मी म्हटलं. मांडवात अक्षता टाकायच्या वेळी नवरानवरी कुठे उभे आहेत, ते ह्यांना दंड धरून दाखवावं लागलं.

मग इस्पितळ. गोळी बंद झाली. नजर परतली नाही. डॉक्टरांनी अभ्यासासाठी विचारलं – आधी रंगांची काही तक्रार होती?

हे म्हणाले, "मला नाही आठवत. हिला विचारा. हिचं लक्ष असतं."

मी म्हटलं, "नाही. एकाएकी झालं."

पुढच्या खेपेला इस्पितळाच्या व्हरांड्यात डॉक्टर दुसऱ्या एका रुग्णाच्या बायकोला समजावत होते – ह्या गोळीने कधीकधी आधी काहीच न कळता नजर जाते, आमच्याच एका रुग्णाचं तसं झालं. मी ह्यांचा हात धरून शेजारीच उभी होते.