मांडीखाली दाबलेला सीटबेल्ट

काल शेजाऱ्यांनी फटाके लावले आणि त्या जळक्या वासाने सातारा-सांगली रस्त्यावरची एक दुपार आठवली. भाड्याच्या गाडीत मी मागे सीटबेल्ट लावून बसले होते. ड्रायव्हरच्याही छातीवर पट्टा दिसत होता, पण तो अडकवल्याचा आवाज काही मला आला नव्हता. "लावलायस ना रे?" "आवं आजी, लावलाय की!" माझा विश्वास बसेना. इस्लामपूरला गाडी चहासाठी थांबताच मी मागून पट्टा ओढला, तर तो सुटून आला! पोलिसांना दिसावा म्हणून त्याने टोक नुसतं मांडीखाली दाबलं होतं आणि गाडीने पीं-पीं करू नये म्हणून खाचेत दुसरंच बक्कल खोचलं होतं. "पोटाला लय काचतोय. तुमी आरटीओत हुता काय?" तो हसला. "लाव, नाहीतर मी एसटीने जाते." कुरकुरत त्याने लावला. थोडं पुढे गेल्यावर शेतातून उसाची ट्रॉली अचानक आडवी आली आणि आम्ही तिच्यावर आदळलो. समोरची हवेची पिशवी फट्कन फुगली, गाडीभर तोच फटाक्यासारखा जळका वास कोंडला. पट्ट्याचा लाल वळ छातीवर घेऊन ड्रायव्हर कण्हत म्हणाला, "आजी, जिता हाय मी." तेव्हापासून बाळांनो, गाडी कुणाचीही असो, चालवणाऱ्याच्या शब्दावर मी जात नाही, गेल्या खेपेस तुमच्या बाबांचाही पट्टा ओढून पाहिला.