खुर्ची

आज आवक विभागातल्या शिंदेबाईंनी संगणकावरच्या फॉर्मवरचं ‘नोंद करा’ हे बटण दाबलं आणि कालपर्यंत अडणारी तारीख मुकाट्याने नोंदली गेली. “अगंबाई, आपोआप झालं की!” त्या म्हणाल्या. मी शेजारीच उभा होतो. त्या खुर्चीतून उठल्या नाहीत.

पूर्वी बटणामागचा कोड प्रत्येक संगणकात वेगळा असायचा. एवढासा बदल करायचा तरी मी पेनड्राइव्ह घेऊन टेबलोटेबली हिंडायचो. मी दिसलो की माणसं उठून खुर्ची द्यायची, चहा सांगायची, माझ्या मुलीच्या दहावीचं विचारायची.

नव्याने आलेल्या वैदेहीने तो सगळा कोड डेटाबेसमधल्या एका तक्त्यात नेऊन ठेवला. आता बटण दाबलं की फॉर्म तिथली कोडची ओळ वाचतो आणि तीच चालवतो; बदल तिथे एकदा केला की सगळ्या टेबलांवर पोचतो. मला त्या ओळीचासुद्धा हेवा वाटतो. दिवसभर सगळे तिच्याकडेच जातात.

त्या तक्त्यात चूक शोधण्यात मी दोन दुपारी घालवल्या. एक सापडेल तर शपथ!

साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, “हे आधी कुणाला कसं सुचलं नाही?”

मला सुचलं होतं, फार वर्षांपूर्वी. पण मग मला खुर्ची कोणी दिली असती?