अकरा वर्षं न फुललेलं झाड

अमेरिकेत ओरेगॉनमधल्या आमच्या गल्लीत व्हर्नाबाई टॉलेफसन परसात ऱ्होडोडेंड्रॉनची, म्हणजे सावलीत वाढणारी फुलझाडं वाढवून विकतात. पण मे महिन्यात ती फुलांनी लदबदतात, तेव्हा बाईंच्या फाटकाला कुलूप! "फुलं पंधरा दिवस, पानं वर्षभर. फुलांना भुलणारी गिऱ्हाइकं मला नकोत."

म्हणून मी जानेवारीत गेलो. माझ्या परसात उंच फर वृक्षांची सावली. तिथं काहीच जगेना.

"दुपारी बारा वाजता तिथं पेपर वाचता येतो का?" त्यांनी विचारलं.

"येतो की."

"मग जमेल. पण खोल खड्डा खणलास तर याद राख! या झाडाची मुळं वरवर पसरतात, गाडलंस की मेलं."

सोबतीला त्यांनी नेचे दिले. "हे शेजारी गरीब आहेत. जागेसाठी भांडत नाहीत."

मग एका कमरेइतक्या झाडाचं पान त्यांनी उलटं केलं. खालून तपकिरी मखमल! मी बोट फिरवतच राहिलो.

"याला फूल कुठल्या रंगाचं येतं?"

"मला काय माहीत? बी मीच पेरलं, अकरा वर्षं झाली. एकदाही फुललं नाही."

"मग मला का देताय?"

"इथली सावली आता फार गडद झालीय," त्या डाफरल्या. "तुझ्याकडे निदान पेपर वाचण्याइतका उजेड आहे. फुललं की आधी मला हाक मार. आणि जरा लवकर फुलव, मी ब्याऐंशीची आहे."