सांग त्यांना, आजी दिसली

लग्न होऊन तेहिना या बेटावर आली, त्याच आठवड्यात तिने बापलेकाचं भांडण ऐकलं. ती खोबरं वाळवायच्या ओट्याआड नारळ फोडत होती, आणि सासरा मारुआके नि नवरा पुनुआ धक्क्यावर मासे साफ करत होते.

"माझी आई परक्यांना दाखवणार तू?" मारुआके म्हणत होता. "तमाशा आहे का तो?"

"दाखवतोय कुठे? पाहुणे पाठीला हवेची टाकी बांधून पाण्यात उतरणार, मी सोबत. आजी आली तर आली."

"आणि रुसून निघून गेली म्हणजे?"

"गेली तर मग बोला मला."

"गेली तर बोलणारच नाही तुझ्याशी. आजपासूनच सुरुवात करतो, सवय असावी."

तेहिनाला हसू आवरेना. पण म्हातारा शब्दाचा पक्का निघाला.

मारुआकेची आई तेउरा वारली ती शार्क होऊन बेटाच्या तोंडाशी राखणीला राहिली. बेटाभोवतीच्या प्रवाळाच्या कड्याला तेवढं एकच तोंड, भरतीचं पाणी तिथूनच आत शिरतं. पाठीवरचा पर फाटलेली करडी मुशी दिसली की तीच तेउरा. त्या घरात मुशी कधी शिजली नाही, आणि रोज संध्याकाळी पहिल्या माशाचं डोकं तिच्या नावाने पाण्यात जायचं.

भरती लागली की पुनुआ पाहुण्यांना बाहेरच्या बाजूने पाण्यात सोडायचा. मग पाय हलवायचंही काम नाही, मुशींच्या रांगांमधून पाणीच माणसाला अलगद आत आणायचं. दुसरे होडीवाले आतडी टाकून मुशी गोळा करायचे. पुनुआ म्हणायचा, "घरचा घास वेगळा. लोकांपुढे आजीला भीक नाही घालणार."

तो घरी आला की म्हातारा भिंतीकडे बघून विचारायचा, "सूनबाई, तुझ्या नवऱ्याला विचार, दिसली का?"

"सांग त्यांना, दिसली."

दोघांत दोन हातांचं अंतर, आणि मधे तेहिना, भाताचं पातेलं घेऊन.

एका वर्षी आजी दिसेनाशी झाली. आधी काही दिवस, मग पौर्णिमेमागून पौर्णिमा गेली. म्हातारा ताटावर नुसता बसून उठायचा.

"दिसली म्हण की," तेहिना नवऱ्याला म्हणाली. "जेवतील तरी."

"आणि खरंच आली, त्या दिवशी काय म्हणू?" पुनुआ म्हणाला. "अजून एक पौर्णिमा बघतो. नाहीतर होडी विकतो. पोटासाठी आजी घालवली, हे नको."

त्या पौर्णिमेनंतर एका दुपारी तो ओलाच घरात शिरला, बुडी मारायची काच अजून कपाळावर.

"सांग त्यांना, दिसली. पोट पार उतरलंय तिचं."

म्हातारा गर्रकन वळला. "उतरलंय? म्हणजे बाळंत झाली?"

"तसंच दिसतंय."

"माझी आई? या वयात? म्हणजे मला भावंडं झाली, आणि तू मला आज सांगतोस."

मग आपण कोणाशी बोललो ते ध्यानात येऊन त्याने पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. "सूनबाई, त्याला सांग, होडी विकू नकोस. आणि वाढ मला."

पुढेही सगळं बोलणं तेहिनाच्याच मार्फत चाललं. दोघांना त्यात गोडी लागली असावी. भात करपायचा तो हिचा.

म्हातारा गेला, त्याला अंगणातच पुरला. पुनुआचे कान बिघडले, बुड्या मारणं सुटलं, होडी दुसऱ्याकडे गेली. माशाचं डोकं तेवढं सुटलं नाही.

पुनुआ झोपेत गेला, त्याच्या आदल्या संध्याकाळी छातीत जड वाटतंय म्हणाला.

"मी टाकून येते," तेहिना म्हणाली.

"तुला ओळखत नाही ती."

हे तो लग्नापासून म्हणत आला होता. काठी टेकत कड्यावर गेला, डोकं पाण्यात सोडलं, पाणी ढवळेपर्यंत उभा राहिला. त्या अधू डोळ्यांना फाटका पर काय दिसला असेल कोण जाणे. परत आला, हात धुतले, पायरीवर बसला आणि हनुवटीने बापाच्या थडग्याकडे खूण केली.

"सांग त्यांना, दिसली."

तेहिनाने चुलीवरचं पातेलं उतरवलं आणि खिडकीतून वाकून सांगितलं.