गव्हाणे सरांचा एक पानी अर्ज

गव्हाणे सर अर्जाचं पहिलं वाक्य वाचत आणि कागद परत सरकवत. दुसऱ्या वाक्यापर्यंत पोचायला आम्हाला महिने लागायचे. चौसाळ्याच्या कॉलेजात ते इंग्रजी शिकवायचे, तेही तासिका तत्त्वावर, म्हणजे जेवढे तास तेवढाच पगार आणि उन्हाळ्यात घरी बसा. त्यांची नोकरी कधी कायम झाली नाही, संताप तेवढा कायम होता.

संताप आमच्या लाचारीचा. आमच्याकडे नोकरीचा अर्ज म्हणजे गाऱ्हाणं. 'घरची परिस्थिती अत्यंत हलाखीची आहे' इथून सुरुवात आणि 'आपला आजन्म ऋणी राहीन' इथे शेवट. लातूरच्या एका खासगी माती परीक्षण प्रयोगशाळेत जागा निघाली तेव्हा मीही तसंच लिहिलं. आईवडील अर्धं वर्ष उसाच्या फडावर, मी लिंबागणेशला चुलत्याकडे राहून बी.एस्सी. झालेली. ही नोकरी मिळाली नाही तर दिवाळीनंतर माझं लग्न लावायचं ठरलंच होतं. एवढं सांगितलं की कुणालाही दया येईल, असं मला वाटलं.

"नोकरी मागायलीस का जोगवा?" सर म्हणाले. "तुला गरज हाय हे त्यान्ला कळून काय करायचंय? त्यांची गरज तुला कळली का, ते लिही."

मला असा राग आला की कागद तिथेच फाडावा वाटला. लिहायला माझ्याकडे आहेच काय, मी विचारलं. प्रोजेक्टमध्ये काय केलंस, त्यांनी विचारलं. मी फणकाऱ्यानेच सांगितलं की माती तपासली, पण गावातले लोक फसवायचे. रानातली माती मागितली की उकिरड्याशेजारची, शेणखत मुरलेली आणून द्यायचे. रिपोर्ट चांगला आला पाहिजे, आपल्या रानाची अब्रू जाता कामा नये! शेवटी मीच खुरपं घेऊन रानोरान फिरले आणि माती गोळा केली.

"मग हे काहून लिहीत न्हाईस?" सर उठून उभेच राहिले. तो अर्ज एका पानात बसेपर्यंत त्यांनी मला दोनदा रडवलं.

अर्ज पाठवायच्या दिवशी वडील कॉलेजात आले. एका पुढाऱ्याच्या दारात दिवसभर बसून त्यांनी शिफारसपत्र मिळवलं होतं. ते अर्जाला जोडायचंच, असा त्यांचा हट्ट.

"सर, सायबाचं पत्र न्हाई लावलं तर पोरीला कोण इचारतंय?"

"दादा, हे लावलं तर पोरीला कुणीच इचारणार न्हाई. सायबालाच इचारतील."

वडिलांना तो अपमान वाटला. ते तडक निघून गेले. पत्र न जोडताच मी अर्ज पाठवला. मुलाखतीत त्या लोकांनी सगळ्यात आधी उकिरड्याबद्दल विचारलं. मला नोकरी लागली आणि लग्नाचा विषय बंद झाला.

पुढे सरांच्याच कॉलेजात कायम जागा निघाली. सरांनी एक पानी अर्ज दिला, सोबत कुणाचंही पत्र नाही. जागा संस्थेच्या अध्यक्षांच्या भाच्याला मिळाली आणि सरांचे होते ते तासही बंद झाले. वडील फोनवर म्हणाले, बघ, म्हणलं नव्हतं का. त्या दिवशी मी वडिलांवर पहिल्यांदा ओरडले. पण सरांवरही मी तितकीच चिडले होते. आयुष्यभर राबवून घेणाऱ्या त्या नालायक लोकांसमोर हा माणूस एक कागद घेऊन गेलाच कसा?

सुट्टी काढून मी नेकनूरला त्यांच्या घरी गेले. ते ओसरीवर सुपात तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. मी बसायच्या आतच सुरू झाले. तुमचे किती विद्यार्थी आज पुढाऱ्यांच्या जवळ आहेत, एक शब्द टाकला असता तर काय बिघडलं असतं, हा ताठा घेऊन काय करायचंय. ते भडकतील, मला झापतील, असं वाटलं होतं. खरं तर तेच मला हवं होतं. त्यांनी फक्त शेंगांचं सूप बाजूला सारलं.

"अर्ज लई चांगला लिहिलता गं मी," ते म्हणाले. "इंटरव्ह्यूला गेलतो, तर माझ्या अर्जाचं पाकीट टेबलावर, चिकटवलेलं तसंच. कुणी फोडलंच न्हाई."