नऊशेपैकी किती?

आमच्या मावशी माणसांना मार्क द्यायच्या आणि तेही नऊशेपैकी. दूधवाला सहाशे चाळीस, थोरला जावई पाचशे वीस. मी एकदा ताटात अर्धी भाकरी टाकली, तर सातशेवरून थेट सहाशे दहावर आलो. "असंच चाललं तर तुला पोरगी कोण देईल?" हे वर ऐकावं लागलं. चिकलठाण्याच्या कारखान्यांत नोकरी करणारे आम्ही पंचवीस-तीस जण त्यांच्या खानावळीत जेवायचो आणि प्रत्येकजण आपापला आकडा सांभाळून असायचा.

हे खूळ त्यांच्या डोक्यात बँकेने भरलं. खानावळीचा गाळा मालकाने विकायला काढला होता. "पुढच्या दिवाळीपर्यंत तुमच्यासाठी थांबतो, मग दुसरं गिऱ्हाईक बघतो," असं त्याने सांगितलं. गाळा गेला की खानावळ गेली. मावशी कर्ज मागायला बँकेत गेल्या. साहेबांनी कॉम्प्युटरमध्ये बघून सांगितलं, "तुमचा स्कोअर नऊशेपैकी पाचशे चाळीस आहे."

"म्हंजे फर्स्ट क्लास की," मावशी म्हणाल्या.

"नाही हो. साडेसातशेला पास."

"लई कडक शाळा हाय ही," असं म्हणून मावशी परत आल्या.

मार्क कमी पडायचं कारण होतं त्यांचा नवरा. त्याने कर्जावर टेम्पो घेतला आणि आपल्या सहीखाली मावशींचीही सही घेतली. हप्ते थकले, टेम्पो ओढून नेला, आणि नवरा जो सुरतेकडे गेला तो आलाच नाही. उरलेलं कर्ज मात्र सहीपाशी येऊन बसलं.

वसुलीला सिल्लोडचा सलीम यायचा. पहिल्यांदा आला तो भर दुपारी एक वाजता, कपाळाला आठ्या घालून. मावशी म्हणाल्या, "पैसे नायत. वरण हाय. बस." तो बसला. मग दर महिन्याला तो याच मुहूर्तावर यायला लागला. हप्ता घ्यायचा आणि जेवायचा. जेवणाचे पैसे मात्र मावशी त्याच्याकडून रोख घ्यायच्या. "ती तुझी वसुली, ही माझी." गाळ्याचा विषय निघायच्या आधीच, तीन वर्षांत, त्यांनी सगळं कर्ज फेडलं होतं, पण चुकलेले जुने हप्ते बँकेच्या पोटातून काही जाईनात.

साहेबांनी उपाय सांगितला, "छोटंसं कर्ज घ्या आणि वेळेवर फेडा. स्कोअर वाढेल."

"कर्ज मिळावं म्हणून कर्ज घ्यायचं? आमचा नवरा बी हेच म्हणायचा."

तरी त्यांनी ऐकलं. पदराला रोकड बांधलेली असताना गुलमंडीवरून हप्त्याने मिक्सर आणला. हप्ता पाच तारखेला खात्यातून कापला जायचा. मावशी एक तारखेलाच बँकेत हजर. साहेब म्हणायचे, "मावशी, तो आपोआप जातो. तुम्ही यायची गरज नाही."

"जाऊ द्या. पण मी आल्ते हे लिहून घ्या."

वर्षभर हे चाललं. बँकेतल्या शिपायाला त्यांनी सातशे ऐंशी दिले होते, कारण तो न मागता पाणी द्यायचा. साहेबांना मात्र शेवटपर्यंत साडेसहाशेच्या वर चढू दिलं नाही.

दिवाळीला महिना उरला तेव्हा स्कोअर झाला सातशे बारा. साहेब म्हणाले, "थोडक्यात अडलंय. पक्की नोकरी असलेला जामीनदार आणा, मी वरती शब्द टाकतो."

त्या दिवशी जेवताना मी ऐटीत म्हणालो, "मावशी, मी राहतो जामीन." म्हटलं खरं, पण मनात हप्त्यांचा हिशोब सुरू झाला होता. मावशींनी माझ्याकडे बघितलं.

"तू नको लेकरा. सही म्हंजे काय असतं ते तुला ठाऊक नाय."

मला हायसं वाटलं. त्याची लाज मला आजही वाटते.

सलीम शेजारीच जेवत होता. वसुलीचं काम सोडून तो एव्हाना एका कारखान्यात कायम झाला होता, जेवायला मात्र मावशींकडेच. हात न धुताच तो म्हणाला, "मेरी सही लेव मौसी. मेरेकू मालूम है आप कैसे भरते."

मावशींनी त्याच्या हातावर पाणी घातलं. मग म्हणाल्या, "ह्याची चालंल. हप्ता चुकला तर माझ्याकडनं कसा काढायचा हे ह्यालाच जमतंय."

कर्ज मंजूर झालं. कागदांवर सह्या करायला मावशी आणि सलीम गेले, सोबतीला मी. मावशींनी इस्त्रीचं लुगडं नेसलं होतं. साहेबांनी विचारलं, "पतीचं नाव?" मावशींनी ते आडनावासकट, स्पष्ट सांगितलं. इतक्या वर्षांत ते नाव मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होतो. साहेबांनी ते लिहिलं आणि सवयीने पुढच्या रकान्याकडे पेन नेत म्हणाले, "सहकर्जदार म्हणून सही त्यांचीच..."

मावशींनी कागदावर हात ठेवला.

"नाव लिहा साहेब, नवराच हाय तो. सही माझी एकटीची."